पाणी ओसरलं, आता लाकडी फर्निचरचं काय? बडोद्यातल्या नव्या बिऱ्हाडांसाठी

बडोद्यात घर बघताना शाळा, बाजार, स्टेशन किती लांब हे सगळेच विचारतात. विश्वामित्री नदी किती लांब, हे विचारायचं नव्या माणसाच्या डोक्यात येत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. २०२४ च्या ऑगस्टअखेर काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी २५ फूट आहे. समा, फत्तेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं आणि पलंग, कपाटं, देव्हारे त्यात उभे राहिले.

पाणी उतरल्यावर जे फर्निचर फुकट जातं, त्यातलं बरंच पाण्यामुळे जात नाही. ते नंतरच्या आठवड्यातल्या उलट्या घाईमुळे जातं. चिखल काढायला लोक दोन दिवस लावतात आणि वाळवण मात्र दोन दिवसांत उरकतात. करायचं नेमकं उलट. चिखल त्याच दिवशी काढायचा आणि लाकडाला वाळायला महिने द्यायचे. खालचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आत शिरताना

मेन स्विच बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय ओल्या घरात पाऊल टाकू नका. पाणी प्लगपर्यंत पोचलं असेल तर इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासेपर्यंत पंखासुद्धा लावायचा नाही. पायात गमबूट आणि हातात रबरी हातमोजे हवेत, कारण हे पावसाचं नुसतं पाणी नसतं, त्यात गटारही मिसळलेलं असतं.

फर्निचर ओढण्याआधी लांब काठी घेऊन पलंगाखाली, कपाटामागे, सोफ्याच्या पोकळीत ठोकून बघा. कोरड्या जागेच्या शोधात साप तिथे येऊन बसतात. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्त्यांमध्ये येतात. बाहेरच्यांना ही थाप वाटते, पण बडोदेकर त्यावर हसत नाहीत. असं काही दिसलं तर दार ओढून घ्या आणि वनखात्याला कळवा. काठीने डिवचू नका.

काहीही हलवण्याआधी प्रत्येक वस्तूचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा. विम्याला आणि पंचनाम्याला ते लागतात. घर एकदा धुऊन निघालं की पाणी किती चढलं होतं ते कोणाला पटवून देता येत नाही.

आधी ओळखा, लाकूड आहे का?

आपण ज्याला लाकडी फर्निचर म्हणतो त्यातलं निम्मं लाकूड नसतंच. एखादा ड्रॉवर काढून कड बघा, किंवा कपाटाच्या तळाची न रंगवलेली बाजू बघा. भुसा दाबून बसवल्यासारखा दिसला तर ते पार्टिकल बोर्ड. गुळगुळीत, एकसारखं, पुठ्ठ्याच्या रंगाचं दिसलं तर एमडीएफ. पातळ थर एकावर एक दिसले तर प्लाय. रेषा वरून कडेपर्यंत सलग गेल्या असतील तर सागवान, शिसवी किंवा दुसरं खरं लाकूड.

पार्टिकल बोर्ड आणि साधं एमडीएफ पाणी पिऊन फुगलं की परत बसत नाही. वाळलं तरी फुगीर राहतं, स्क्रू धरत नाही, हाताने भुगा होतो. त्यावर वेळ आणि पैसे घालू नका. बिजागऱ्या, मुठी, काचा काढून ठेवा आणि बाकीचं बाहेर. मॉड्युलर किचनची खालची कपाटं बहुतेक याच वर्गातली. मन कठीण करावं लागतं, पण ओलं पार्टिकल बोर्ड घरात ठेवलं तर बुरशी त्यातून शेजारच्या चांगल्या लाकडावर जाते. सोफ्याचा आणि गादीचा फोमही टाकायचा. गटाराचं पाणी प्यायलेला फोम धुऊन साफ होत नाही. खालचा सांगाडा सागवानी असेल तर तेवढा ठेवा.

प्लायचं मधलं आहे. चांगल्या गोंदाचं प्लाय टिकतं, स्वस्तातलं थर सोडतं. महिनाभर वाळवा आणि मग ठरवा. खरं लाकूड मात्र, अगदी चार दिवस बुडालेलं असलं तरी, जवळजवळ नेहमी वाचतं. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातल्या जुन्या मराठी घरांमध्ये शिसवी पलंग, सागवानी कपाटं, आरामखुर्च्या अजून आहेत. नुसता रंग उडाला म्हणून त्या भंगारवाल्याला देऊ नका. पुरानंतर भंगारवाले गल्लीगल्लीत फिरतात आणि त्यांना सागवान तुमच्यापेक्षा चांगलं ओळखता येतं.

धुणं

गाळ ओला आहे तोवर तो पाण्याबरोबर जातो. सुकला की त्यातली बारीक रेती सँडपेपरसारखी पॉलिश खरवडते. त्यामुळे सुकलेला चिखल खरवडायचा नाही, आधी पाणी शिंपडून मऊ करायचा. पुरानंतर नळाला पाणी नसतं, टँकरची वाट बघावी लागते, म्हणून दोन बादल्यांत काम करा. एकीत चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, दुसरीत स्वच्छ पाणी. मऊ फडकं आधी पहिलीत, मग दुसरीत, आणि शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. नक्षीत, सांध्यांत, देव्हाऱ्याच्या महिरपीत जुना टूथब्रश चालतो. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका. पाणी सांध्यांत आणखी आत जातं आणि पॉलिशचे पापुद्रे उडतात.

पुरानंतर गल्लीत ब्लीचिंग पावडर टाकतात, तीच फर्निचरलाही लावून टाकावी असं अनेकांना वाटतं. फरशी आणि मोरीसाठी ती ठीक आहे. लाकडाचा रंग तिने जातो, आणि आत शिरलेल्या बुरशीपर्यंत ती पोचतही नाही. कुठल्याही ॲसिडमध्ये तर ती कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

खण अडकले असतील तर पुढून मूठ धरून ओढू नका. मूठ हातात येते आणि खण जागेवर राहतो. कपाट पुढे घ्या, मागची फळी स्क्रू काढून सोडवा आणि खण मागून हलकेच ढकला. मागची फळी निघाली की वाळायलाही मदत होते. भिंतीला चिकटून उभ्या कपाटाची पाठ सगळ्यात उशिरा सुकते आणि बुरशी पहिल्यांदा तिथेच दिसते.

लोखंडी मुठी, कड्या, जमतील तितके स्क्रू काढून घ्या. ओल्या सागवानात किंवा बाभळीत लोखंड राहिलं की काळा डाग पडतो. हा गंज वर बसलेला नसतो. लाकडातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोखंडाशी रासायनिक क्रिया होऊन तो खोल जातो.

वाळवणं

आता कठीण भाग, कारण यात करण्यासारखं फार काही नसतं.

पाणी प्यायलेल्या लाकडात वजनाच्या साधारण पंचवीस-तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त ओल असते. बडोद्याच्या हिवाळ्यात घरातलं लाकूड नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. हे सगळं पाणी फळीच्या गाभ्यातून पृष्ठभागावर यावं लागतं, आणि ते हळूच येतं. वरचा थर उन्हात झटकन सुकवला तर तो आक्रसतो, आतलं मात्र फुगलेलंच असतं, आणि फळी तडकते. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर फुगे धरून सुटतं. फळी फुगते ती रेषांच्या आडवी, लांबीत जवळजवळ नाही. दीड फूट रुंदीची सागवानी फळी पाव ते अर्धा इंच रुंदावू शकते. म्हणून दारं अडकतात, खण बसत नाहीत, टेबलाची चौकट उघडते.

पूर उतरल्यावर दोन दिवसांत कडक ऊन पडतं आणि अख्खी सोसायटी आपापलं फर्निचर रस्त्यावर मांडते. तुम्ही मांडू नका. सावली, चारही बाजूंनी हवा आणि उघड्या खिडक्या, एवढंच हवं. पंखा लावा, पण झोत थेट एका फळीवर नको. खोलीतली हवा फिरती राहिली की पुरे. बाहेर धो धो पाऊस असताना मात्र खिडक्या मिटा, आणि एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा. हीटर, हेअर ड्रायर, हॅलोजनचा दिवा हे सगळं वर्ज्य.

पायांखाली काहीतरी घालून फर्निचर जमिनीपासून उचला. विटा सगळे वापरतात, पण ओल्या फरशीवरची वीट पाणी ओढते आणि तेच पायाला देते. टाइलचे तुकडे किंवा प्लास्टिकची झाकणं बरी. पायाच्या खालच्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथून पाणी सगळ्यात वेगाने चढतं. सुटलेल्या फळ्या, पाट, टेबलाचा वरचा भाग जमिनीवर सपाट टाकू नका. एक बाजू सुकते, दुसरी ओली राहते आणि फळी उन्हातल्या पापडासारखी वळते. लाकडाच्या वखारीत कसं रचतात ते बघा. प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, पट्ट्या एकाखाली एक, आणि वरून वजन. घरीही तसंच.

या काळात सुतार येतो आणि अडकलेल्या दाराला रंधा मारायला निघतो. त्याचं चुकत नाही, त्याला एका दिवसात दहा घरं करायची असतात. पण त्याला सांगा, ‘मिस्त्री, रंधा आत्ता नको, दिवाळीनंतर या.’ ओलं असताना तासलेलं दार डिसेंबरात आक्रसतं आणि चौकटीत बोटभर फट राहते. बहुतेक दारं आणि खण वाळल्यावर आपोआप परत बसतात. अडलेले दोन-चार उरतील, त्यांना तेव्हा रंधा मारा.

आणि मग गणपती. २०२४ मध्ये पूर जन्माष्टमीला सुरू झाला आणि गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. मधल्या दिवसांत ‘चौरंगाला आणि देव्हाऱ्याला तेवढं पॉलिश मारून घेऊ’ असं प्रत्येक मराठी घरात कोणीतरी म्हटलं असणार. देवासाठी असलं तरी मारू नका. ओल्या लाकडावर पॉलिश चढवलं की आतली ओल कोंडली जाते. पांढरट ढग येतात, महिन्या-दोन महिन्यांत पॉलिश सुटतं आणि खाली बुरशी सापडते. चौरंग धुऊन, पुसून, वर स्वच्छ वस्त्र अंथरून बाप्पाला बसवा. उडालेलं पॉलिश वस्त्राखाली दिसत नाही.

स्पिरिट हातात घेण्याआधी

बुरशीवर स्पिरिट, पांढऱ्या डागावर स्पिरिट, हा सल्ला तुम्हाला चार जण देतील. तो ऐकण्याआधी तुमच्या फर्निचरवर कोणतं पॉलिश आहे ते बघा. तळाशी, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा आणि अर्धा मिनिट थांबा. जागा चिकट झाली, बोळ्याला रंग लागला, तर ते जुनं चपड्याचं पॉलिश, म्हणजे लाख. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही नवी रासायनिक पॉलिशं.

बडोद्यात हे महत्त्वाचं आहे, कारण इथे संखेड्याचं फर्निचर घरोघरी असतं. संखेडा आधी बडोदा जिल्ह्यात होतं, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. तिथले खरादी-सुथार सागवान खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून घडवायच्या यंत्रावर, घडवतात आणि त्यावर लाखेचं रंगकाम करतात. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. नव्या बिऱ्हाडाला बहुधा लग्नात आलेला संखेड्याचा हिंचका (झोपाळा) किंवा सोफा असतो. त्याच्या मरून-सोनेरी नक्षीवर स्पिरिटचं फडकं फिरवलं तर नक्षीच फडक्यावर येते. थिनरही नको. गरम पाणी नको, ऊन नको, कारण लाख उष्णतेने मऊ पडते. त्याला साधं थंड पाणी, मऊ फडकं आणि सावली, बस. रंग उडालाच असेल तर जवळच्या पॉलिशवाल्याकडून वर रंग मारून घेऊ नका. संखेडा फार लांब नाही. सोडवता येण्याजोगा भाग तिथल्या कारागिराकडे नेलेला बरा, तो खरादावर पुन्हा लाख चढवू शकतो.

बुरशी, डाग, सुटलेले सांधे

बुरशी एक-दोन दिवसांतच धरायला लागते. घरात झटकू नका, बी सगळीकडे उडतं. वस्तू बाहेर सावलीत न्या, एन ९५ मास्क लावा, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. न रंगवलेल्या आतल्या फळ्यांवर, खणाच्या तळावर स्पिरिटचा हात चालतो. तेव्हा जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. बुरशी पुन्हा येत असेल तर औषध बदलू नका, हवा वाढवा.

पॉलिशवर आलेला पांढरा ढग बघून घाबरायचं कारण नाही. ती पॉलिशच्या थरातली ओल असते आणि बऱ्याचदा वाळताना स्वतःहून जाते. दोन-तीन महिन्यांनीही राहिला तर मऊ फडक्यावर साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन रेषांच्या दिशेने हलकेच घासून बघा, जेल नको.

काळे डाग तसे जात नाहीत. त्यांना ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, ते केमिकलच्या दुकानात पावडर म्हणून मिळतं. पॉलिश पूर्ण काढून, लाकूड सुकल्यावर, प्लास्टिकच्या भांड्यात लिटरभर गरम पाण्यात साधारण ५० ग्रॅम विरघळवा. नुसत्या डागावर न लावता संपूर्ण फळीवर लावा, नाहीतर डागाच्या जागी फिका चट्टा उरतो. अर्ध्या तासाने स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसा, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग पुन्हा साधं पाणी. ही पावडर विषारी आहे. हातमोजे, चष्मा, मास्क हवेत आणि मुलं लांब. पुढे ती फळी घासतानाही मास्क हवा. हे करायची भीती वाटत असेल तर पॉलिशवाल्याकडे द्या. नाहीतर डाग राहू द्या, शिसवीवर तो दिसतही नाही.

जुन्या खुर्च्यांचे सांधे सुटले की लोक हळहळतात. खरं तर ती चांगली बातमी असते. पूर्वी सांध्यात सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांचा गोंद, वापरत, तो पाण्यात विरघळतो. सांधा मोडत नाही, फक्त उघडतो. प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करा, सुटे भाग सुतळीने एकत्र बांधून ठेवा आणि खिळा मारायचा मोह आवरा. ओल्या लाकडात मारलेला खिळा गंजतो, लाकूड फाडतो आणि पुढे नीट सांधा करणाऱ्याला आडवा येतो. वाळल्यावर जुना सरस खरवडून फेविकॉलने बसवा, दोरीने आवळा, एक रात्र ठेवा. पायांच्या सांध्यांना फेविकॉल मरीन वापरलेलं बरं.

व्हिनियरचा फुगा वाळल्यावरही राहिला तर ब्लेडने रेषेच्या दिशेने चीर द्या, इंजेक्शनच्या सिरिंजने आत फेविकॉल सोडा, वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर पाटा-वरवंट्यातला पाटा. सगळ्यांकडे पाटा उरलेला नाही, पुस्तकांचा गठ्ठाही चालतो. वेताची बैठक ओली असताना तिच्यावर बसू नका. ती वाळताना ताणली जाते आणि पुष्कळदा पूर्वीपेक्षा घट्ट होते.

पॉलिश कधी

हाताला कोरडं लागणं ही खूण नाही, वरचा थर आठवड्यात कोरडा होतो. संध्याकाळी फळीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. काही मिस्त्रींकडे ओल मोजायचं मीटर असतं, त्यात बारा टक्क्यांच्या खाली आकडा आला की काम सुरू करा. इंचभर जाडीच्या सागवानाला ऑगस्टातल्या पुरानंतर इथे नोव्हेंबर उजाडतो, जाड पलंगाच्या पायांना त्याहून जास्त. देव दिवाळी झाली की बडोद्याची हवा कोरडी होते आणि पॉलिशवालेही मोकळे होतात. दिवाळीआधी ते भाव वाढवतात आणि हात आवरतात. पाहुण्यांसमोर डागाळलेलं कपाट नको वाटतं, पण थांबण्यात पैसे वाचतात आणि कामही चांगलं होतं.

जुन्या चपड्याच्या पॉलिशवर पुन्हा चपडाच लावा. मेलामाइन हवं असेल तर जुनं सगळं काढावं लागतं.

पॉलिश होईतो उधई, म्हणजे वाळवी, लागते का बघत राहा. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून फर्निचरकडे जाताना दिसल्या की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, रॉकेल शिंपडून ती जात नाही. सागाचा तपकिरी गाभा उधई सहसा खात नाही, कडेचा पांढरट भाग खाते. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर ते दुसरे किडे, त्यांना वेगळं औषध लागतं.

टाकलेल्या कपाटाच्या जागी नवं करायचं असेल तर प्लायवरचा शिक्का स्वतः वाचा. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारं, बुडणं नव्हे. आयएस ३०३ या भारतीय मानकातलं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारं, त्याहून चांगलं, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. अख्खं कपाट मरीनमध्ये करायची गरज नाही. तळमजल्यावर खालचे दोन-अडीच फूट मरीनमध्ये आणि वरचं साध्या प्लायमध्ये करून घ्या, तळाला लाकडी पाटाऐवजी सहा इंचांचे स्टीलचे पाय लावा आणि मागची फळी खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवायला सांगा. मिस्त्री कुरकुर करेल, कारण स्क्रूला वेळ लागतो.